काळ्या दगडांतील लोहचुंबक

पावसाळ्याची पहिली जोराची सर येऊन गेली म्हणजे रस्त्याच्या कडेनें जे ओहोळ वाहतात, ते आटल्यावर मागें वाळूचा एक पातळ थर राहतो, हें तुम्हांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. त्या वाळूंत मधून मधून काळ्या रेघा दिसतात. कोणी म्हणतो, ती राख आहे. कोणी म्हणतो, तो डांबराचा चुरा आहे. प्रयोगशाळेंतील लोहचुंबक कागदांत गुंडाळून त्या काळ्या रेघेवरून एकदां फिरवावा, म्हणजे कागदाच्या टोकाशीं बारीक काळे कण मिशांच्या केंसांसारखे उभे राहिलेले दिसतील. (कागद गुंडाळण्यास विसरूं नये. तसाच चुंबक वाळूंत घातल्यास कण त्याला असे चिकटून बसतात कीं ते काढतां काढतां नाकीं नऊ येतात.) हे कण राखेचे नव्हेत व डांबराचेहि नव्हेत. ते मॅग्नेटाइट नांवाच्या खनिजाचे, म्हणजे लोखंड व प्राणवायु यांच्या एका संयुगाचे आहेत. ज्या काळ्या दगडावर आपला परभणी जिल्हा उभा आहे, त्याच्यांतूनच ते झिजून सुटले. गोदावरीच्या पात्रांतील वाळूंत ज्या काळ्या रेघा दिसतात, त्यांतहि हें खनिज असतें, आणि आपल्या कापसाच्या काळ्या मातींत चुंबक फिरविला तरी थोडे फार कण हातीं लागतातच.

हा लेख त्या कणांविषयीं, व त्यांच्यामुळें आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयीं आहे. चूक सांगण्यापूर्वीं चुंबकाचे प्राथमिक नियम सांगितले पाहिजेत. नाहीं तर ती चूक कशी झाली हें, विशेषतः ज्या पालकांचा शाळेशीं संबंध सुटून पुष्कळ वर्षें झालीं आहेत त्यांस, नीट कळणार नाहीं.

लोहचुंबक लोखंड, निकेल व कोबाल्ट या धातूंना ओढतो. तांबें, पितळ, सोनें, चांदी, ॲल्युमिनियम यांना ओढीत नाहीं, हें तुम्हांस ठाऊक आहे. घरीं आईच्या परवानगीनें स्वयंपाकघरांत हा प्रयोग करून पाहावा. पितळेचा तांब्या चुंबकास दाद देणार नाहीं. लोखंडी तवा लगेच धरील. स्टीलच्या भांड्यांची गंमत मात्र निराळी आहे. एकाच मांडणीवरील दोन ताटांपैकीं एक चिकटतें व दुसरें चिकटत नाहीं. न चिकटणाऱ्या ताटाच्या पोलादांत बहुधा निकेल मिसळलेलें असतें. निकेल स्वतः चुंबकाकडे ओढलें जातें, तरी तें पोलादांत पुरेसें मिसळलें कीं आंतील अणूंची मांडणी बदलते आणि ताट चुंबकास ओळख देईनासें होतें! वस्तूंत कोणती धातु आहे एवढ्यावरूनच निर्णय करतां येत नाहीं, तिची घडण कशी आहे हेंहि पाहावें लागतें.

चुंबकाची पट्टी मधोमध दोरा बांधून टांगली असतां ती हेलकावे खाऊन अखेर दक्षिणोत्तर स्थिर होते. जें टोक उत्तरेकडे राहतें त्यास उत्तर ध्रुव व दुसऱ्यास दक्षिण ध्रुव म्हणतात. सजातीय ध्रुव एकमेकांस दूर लोटतात, विजातीय ध्रुव एकमेकांस ओढतात. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण परीक्षेंत निम्मे विद्यार्थी येथेंच घसरतात. एखादी पट्टी चुंबक आहे कीं साधें लोखंड आहे, हें कसें ओळखाल, असा प्रश्न आला कीं ते लिहितात, "दुसऱ्या चुंबकाकडे ओढली गेली तर ती चुंबक आहे." परंतु साधें लोखंडहि ओढलेंच जातें, आणि तें दोन्ही ध्रुवांकडे ओढलें जातें. पट्टीचें एखादें टोक चुंबकाच्या एखाद्या ध्रुवापासून दूर लोटलें गेलें तरच ती पट्टी चुंबक होय. आकर्षण हा पुरावा नव्हे, प्रतिसारण हाच पुरावा.

दोन ध्रुव वेगळे करावे या हेतूनें चुंबक झालेलें करवतीचें जुनें पातें मधोमध मोडलें, तर प्रत्येक तुकड्यास पुन्हां दोन ध्रुव असतातच. तुकड्याचा तुकडा करीत गेलें तरी एकटा ध्रुव कोणाच्या हातीं लागत नाहीं. याचें कारण असें कीं लोखंडांत अत्यंत सूक्ष्म असे भाग असतात व त्यांतील प्रत्येक भाग स्वतःच एक चुंबक असतो. साध्या लोखंडांत या भागांचीं तोंडें वाटेल त्या दिशांस असल्यामुळें एकाचें बल दुसरा खाऊन टाकतो. आठवडी बाजारांत हजारों माणसें असतात, परंतु बाजार म्हणून कोठें पुढें सरकत नाहीं. तींच माणसें आषाढांत दिंडीच्या रांगेनें पंढरपूरच्या वाटेस लागलीं म्हणजे सर्वांचीं तोंडें एकीकडे होतात. लोखंडावर चुंबक एकाच दिशेनें पुनःपुन्हां घांसला असतां बाजाराची दिंडी होते. तें आपटलें, ठोकलें किंवा फार तापविलें तर दिंडीचा पुन्हां बाजार होतो. म्हणून प्रयोगशाळेंतील चुंबक टेबलावरून खालीं पाडणाऱ्यांवर आम्ही रागावतों, तें उगीच नव्हे.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. चुंबकाचें बल कोठें असतें? चुंबकांत, असें उत्तर कोणीहि देईल. परंतु टांचणी चुंबकास शिवलेली नसतांहि उडी मारते; तर मग मधल्या जागेंत कांहीं तरी असलें पाहिजे. चुंबकावर जाड कागद ठेवून त्यावर लोखंडाचा कीस भुरभुरावा व कागदास हलकेच टिचकी मारावी. कीस आपोआप रांगा धरतो. एका ध्रुवापासून निघून कमानीसारख्या वळत दुसऱ्या ध्रुवाकडे जाणाऱ्या वक्र रेषा कागदावर उमटतात. ध्रुवांपाशीं त्या दाट असतात, दूर जातांना विरळ होतात. या जागेस चुंबकीय क्षेत्र व या रेषांस बलरेषा म्हणतात. पुस्तकें बांधणाऱ्याकडे उमेदवारी केलेल्या मायकेल फॅरडे यांनीं एकोणिसाव्या शतकांत ही कल्पना मांडली तेव्हां गणितांत निष्णात असलेल्या पुष्कळांस ती पोरकट वाटली. पुढें सारें विद्युच्छास्त्र त्याच कल्पनेवर उभें राहिलें. रेषा या केवळ समजण्यासाठीं काढलेल्या असतात, क्षेत्र मात्र खरें असतें. लहान होकायंत्र त्या जागेंत जेथें ठेवाल तेथें त्याची सुई त्या ठिकाणच्या बलरेषेस धरून उभी राहते, म्हणून होकायंत्र पुढें पुढें सरकवीत व प्रत्येक वेळीं सुईच्या टोकापाशीं पेन्सिलीचा ठिपका देत गेल्यास कीस न वापरतांहि बलरेषा काढतां येतात. दोन बलरेषा एकमेकींस कधींहि छेदीत नाहींत. छेदल्या असत्या तर त्या एका बिंदूवर सुईनें कोणत्या बाजूस तोंड करावयाचें?

क्षेत्राचा जोर अंतराबरोबर फार झपाट्यानें कमी होतो. चुंबकाच्या लांबीच्या मानानें आपण पुष्कळ दूर असूं, तर अंतर दुप्पट होतांच परिणाम सुमारें आठव्या हिश्शावर येतो. हा नियम पुढें आम्हांस उपयोगी पडणार आहे.

पृथ्वी स्वतःच एक प्रचंड चुंबक आहे असें विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्यानें १६०० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सांगितलें. त्यानें चुंबकदगडाचा एक गोळा घडवून त्यावर लहानशी सुई फिरवून पाहिली, आणि पृथ्वीवर होकायंत्र जसें वागतें तशीच ती वागली. सुईचा उत्तर ध्रुव उत्तरेकडे ओढला जातो, तेव्हां त्या बाजूस पृथ्वीच्या चुंबकाचा दक्षिण जातीचा ध्रुव असला पाहिजे, हें वरच्या नियमावरून उघड आहे. ऐकून प्रथम बुचकळ्यांत पडायला होतें, पण त्याला इलाज नाहीं. सुई केवळ उत्तरेकडे वळत नाहीं, तर उभ्या पातळींत मोकळी सोडल्यास आपल्याकडे तिचें उत्तर टोंक क्षितिजाखालीं झुकतें. परभणीस हा झोंक पंचवीस ते तीस अंशांच्या दरम्यान असतो. आपल्या देशाच्या अगदीं दक्षिण टोकाजवळ तो नाहींसा होतो, आणि काश्मीराकडे जावें तसा वाढत जातो. बाजारांत मिळणाऱ्या होकायंत्रांत हा झोंक जाणवूं नये म्हणून सुईच्या दुसऱ्या बाजूस किंचित् वजन ठेवितात.

होकायंत्राची उत्तर व खरी उत्तर यांत देशोदेशीं थोडा फार फरक असतो. आपल्याकडे तो एक अंशाहूनहि कमी आहे, म्हणजे शाळेच्या कोनमापकानें मोजतां न येण्याइतका. येथूनच आमच्या चुकीस प्रारंभ होतो.

दिवाळीच्या सुटींत नववीच्या वर्गास आम्हीं एक प्रयोग नेमून दिला होता. मोकळ्या जागीं सपाट फळीवर कागद लावून मधोमध एक काठी उभी करावयाची, दुपारीं तिची सांवली सर्वांत आंखूड होईल तेव्हां ती रेषा आंखावयाची, आणि त्याच कागदावर होकायंत्र ठेवून सुईची रेषा काढावयाची. कार्तिकांत आपल्याकडे सूर्य मध्यान्हीं दक्षिणेस असल्यामुळें सर्वांत आंखूड सांवली खऱ्या उत्तरेकडे पडते. तेव्हां दोन्ही रेषा जवळ जवळ एकच आल्या पाहिजेत. बहुतेकांच्या एक आल्या. कांहींच्या इतक्या तंतोतंत आल्या कीं सुटींत काठी उभी केली होती किंवा नाहीं याचीच शंका यावी. परंतु जिंतूरच्या डोंगराळ भागांतून येऊन वसतिगृहांत राहणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या कागदावर दोन रेषांत पस्तीस अंशांचा कोन होता. आम्हीं तांबड्या शाईनें "निष्काळजी निरीक्षण, पुन्हां करा" असा शेरा मारून शून्य गुण दिले. पुढच्या सुटींत तो घरीं गेला व दुसरा कागद घेऊन आला. कोन पुन्हां पस्तीस अंश! आम्हीं तो आडमुठेपणा समजून वर्गासमोर चार शब्द सुनावले. मुलगा खालीं मान घालून उभा राहिला, कांहीं बोलला नाहीं.

नंतरच्या आठवड्यांत त्याचे वडील कामानिमित्त शहरांत आले होते, ते शाळेंत आले. शेतकरी मनुष्य, बाहेर चपला काढून दारांत उभे राहिले. आम्हीं आंत बोलावलें तरी बसले नाहींत. म्हणाले, "सर, पोरानं दोन्ही डाव माझ्यासमोर बसून बघितलंय. सावली मीच धरली होती. तुम्ही एकदा येऊन बघा." आमच्यावर राग नव्हता, विनंतीच होती, परंतु ती ऐकून आम्हांस जें वाटलें तें रागावल्यानें वाटलें नसतें. ते गेल्यावर आम्हीं दोन्ही कागद पुन्हां काढले. पहिल्या कागदाच्या तळाशीं पेन्सिलीनें बारीक अक्षरांत लिहिलें होतें: "होकायंत्र खडकावर होतें म्हणून असें होत असेल काय?" हें वाक्य आम्हीं त्या वेळीं वाचलेंच नव्हतें.

पुढील रविवारीं दोन होकायंत्रें घेऊन आम्ही त्या गांवीं गेलों. त्यांच्या शेताच्या बांधावर, मातीवर, दोन्ही सुया सांवलीच्या रेषेशीं बरोबर जुळल्या. मग मुलानें आम्हांस माळावरच्या एका उघड्या काळ्या खडकाकडे नेलें. खिशांतील किल्ल्या, घड्याळ, मोबाइल हें सारें आम्हीं वीस पावलें दूर ठेवून आलों होतों. खडकावर ज्या जागीं त्यानें फळी मांडली होती तेथें होकायंत्र ठेवतांच सुई पूर्वेकडे वळून उभी राहिली. कोनमापकानें मोजलें, पस्तीस अंश! एक वीत बाजूस सरकविलें तों ती पश्चिमेकडे वळली. एका भेगेपाशीं तर सुई जवळ जवळ उलटी फिरली, उत्तर टोंक दक्षिणेकडे. हातांत धरून होकायंत्र छातीइतकें उंच केलें कीं ती शहाण्यासारखी उत्तर दाखवूं लागे. अंतराबरोबर क्षेत्राचा जोर कसा ओसरतो हें फळ्यावर आम्हीं अनेकदां लिहिलें आहे. परंतु तें असें पायांखालीं कधीं पाहिलें नव्हतें. तो खडकच चुंबक होता, त्याला त्याचे ध्रुव होते, आणि विद्यार्थ्यानें जें दिसलें तेंच लिहिलें होतें. सोमवारीं वर्गांत आम्हीं तो शेरा खोडला, त्याखालीं आपली सही केली व पूर्ण गुण दिले.

आतां साधा खडक इतका बलवान् चुंबक कसा होतो तें पाहूं. आपल्या दगडांत मॅग्नेटाइटचे कण आहेत हें आरंभींच सांगितलें. तरी सामान्य खडकाचें क्षेत्र क्षीण असतें, सुई पस्तीस अंश वळविण्याची शक्ति त्यांत नसते. परंतु १८२० सालीं डेन्मार्कमधील ओर्स्टेड यांस असें आढळून आलें कीं विजेचा प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते. प्रवाहाभोंवतीं वर्तुळाकार चुंबकीय क्षेत्र असतें. आकाशांतील वीज म्हणजे हजारों अँपिअरचा प्रवाह. ती उघड्या माळावरील खडकावर कोसळली कीं क्षणार्धांत तिच्या भोंवतालच्या दगडांतील कण त्या क्षेत्राच्या दिशेनें भारले जातात आणि तसेच राहतात. उंचावरच्या काळ्या खडकांत हातभर अंतरावर सुईची दिशा बदलते तेथें भूशास्त्रज्ञ विजेचाच संशय प्रथम घेतात. ज्यांना खडकांच्या मूळच्या चुंबकत्वाचा अभ्यास करावयाचा असतो, ते असा दगड नमुना म्हणून घेत नाहींत.

जवळचें लोखंड, जवळचा प्रवाह व जवळचा दगड यांनीं निरीक्षण बिघडूं नये म्हणून किती खटाटोप करावा लागतो, याचें एक मोठें उदाहरण आपल्याच राज्यांत आहे. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालीं स्थापन झाली, आणि १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचीं नियमित निरीक्षणें होऊं लागलीं. त्या काळीं निरीक्षक दुर्बिणींतून मोजपट्टीवरील आंकडे डोळ्यांनीं वाचून वहींत लिहीत. १८५९ च्या सप्टेंबरच्या २ तारखेस सूर्यावरील एका स्फोटामुळें जें चुंबकीय वादळ झालें, त्याचा वेध या वहींत आहे. त्या दिवशीं क्षितिजसमांतर बल सुमारें १,६०० नॅनोटेस्लांनीं, म्हणजे शेंकडा चारांच्या आसपास, एकाएकीं उतरलें होतें. शेंकडा चार म्हणजे थोडें वाटेल; परंतु नेहमींचीं चुंबकीय वादळें याच्या दशांशाइतकींहि नसतात. त्या वादळानें युरोप व अमेरिकेंतील तारायंत्रें बंद पडलीं. आज दीडशें वर्षांहून अधिक काळानंतर जगांतील शास्त्रज्ञ त्या वादळाचें माप घेतात तें मुख्यत्वें कुलाब्याच्या आंकड्यांवरून. त्या रात्रीं व दिवसा वहींत आंकडे भरणाऱ्या सहाय्यकांस आपण काय टिपीत आहों याची कल्पना नव्हती. त्यांनीं "यंत्र बिघडलें" असें समजून ते आंकडे गाळले असते तर? आम्हांस तांबडी शाई आठवल्यावांचून राहत नाहीं.

१८९६ सालीं नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस हे या वेधशाळेचे प्रमुख झाले; त्या पदावर येणारे ते पहिले भारतीय. थोड्याच वर्षांत मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामच्या जागीं विजेच्या ट्राम आणण्याचें ठरलें. शहरास ती आनंदाची वार्ता होती. वेधशाळेस ती मृत्यूची होती. ट्रामचा प्रवाह रुळांतून परत फिरतांना जमिनींत पसरतो, आणि प्रवाहाभोंवतीं क्षेत्र असणारच. पृथ्वीच्या क्षेत्रांतील हजारांश फरक टिपणारीं यंत्रें मग पृथ्वीचें सांगावें तें सोडून ट्रामच्या येण्याजाण्याचें सांगूं लागलीं असतीं. मूस यांनीं ट्रामविरुद्ध हाकाटी केली नाहीं, त्यांनीं वेधशाळाच हलविली. खाडीपलीकडे अलिबाग येथें समुद्राजवळ शांत जागा निवडून १९०४ पासून तेथें निरीक्षणें सुरू झालीं. पण लगेच कुलाबा बंद केलें नाहीं. दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं निरीक्षणें घेतलीं, म्हणजे जुन्या ठिकाणच्या व नव्या ठिकाणच्या आंकड्यांतील फरक नक्की कळून साखळी तुटूं नये. १९०६ सालीं कुलाब्याचीं चुंबकीय निरीक्षणें थांबलीं. १९०७ च्या मे महिन्यांत मुंबईंत विजेची ट्राम धांवूं लागली. त्या ट्रामहि १९६४ सालीं बंद झाल्या. अलिबागची वेधशाळा मात्र आजहि भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखालीं चालू आहे.

अलिबागच्या त्या इमारतींची एक गोष्ट आपल्या विषयास फार जवळची आहे. यंत्रांच्या इमारतींत लोखंड वापरून चालत नाहीं हें उघड आहे. खिळे, बिजागऱ्या, कड्या तांब्यापितळेच्या पाहिजेत. पण भिंतींस दगड कोणता? कोंकणांतहि आपल्यासारखाच काळा दगड मुबलक आहे, हाताशीं आहे, टिकाऊ आहे. तो घेतला नाहीं! पोरबंदरचा फिकट रंगाचा दगड आणून त्या भिंती बांधल्या, कारण काळ्या दगडांत मॅग्नेटाइट आहे आणि त्या दगडांत चुंबकत्व जवळ जवळ नाहीं. ज्या दगडाचीं आपलीं जुनीं घरें, विहिरी व देवळें बांधलेलीं आहेत, तो दगड पृथ्वीचा वेध घेणाऱ्यांस दाराबाहेर ठेवावा लागला. जिंतूरकडील आमच्या विद्यार्थ्याची फळी त्याच जातीच्या दगडावर मांडलेली होती.

यावरून हा दगड चुंबकशास्त्राचा वैरी आहे असें समजूं नये. त्याच्या पोटांत एक जुनी नोंद आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमींतून तप्त रस बाहेर पडून थरावर थर सांचले, त्यांचाच हा दगड झाला. मॅग्नेटाइट सुमारें ५८० अंश सेल्सिअसच्या वर तापलें म्हणजे त्याचें चुंबकत्व पार नाहींसें होतें. रस थंड होत जाऊन या उष्णतेखालीं आला तेव्हां त्यांतील कण त्या त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेनें भारले गेले व तीच दिशा धरून राहिले. जणूं कोट्यवधि होकायंत्रें एका क्षणीं गोठलीं. हे दगड कोणत्या दिशेनें बसले आहेत हें जागेवरच नीट टिपून, नमुना कापून प्रयोगशाळेंत नेला, तर ती जुनी दिशा मोजतां येते. इंग्लंडांतील क्लेग व त्यांचे सहकारी यांनीं १९५६ सालीं दख्खनच्या दगडांवरील अशीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं, आणि पुढें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनींहि हें काम हातीं घेतलें. त्यांत दोन आश्चर्यें आढळलीं. एक असें कीं सह्याद्रीकडील जाड थरांपैकीं बहुतेकांत दिशा उलटी आहे, म्हणजे त्या काळीं आपलें आजचें होकायंत्र असतें तर त्याचें उत्तर टोंक दक्षिणेकडे वळलें असतें. पृथ्वीच्या चुंबकाचे ध्रुव आजवर अनेकदां उलटसुलट झाले आहेत, त्यांपैकीं एका उलट्या काळांत हा रस निवाला. दुसरें आश्चर्य झोंकाचें आहे. सुई जागोजाग किती झुकते तें अक्षांशावर अवलंबून असतें, हें वर सांगितलें आहे. या दगडांतील झोंकावरून हिशेब केला असतां तो निवाला तेव्हां आपली भूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस पंचवीस ते तीस अंशांवर होती असें निघतें. आज परभणी उत्तरेस एकोणीस अंशांवर आहे. आपल्या पायांखालची जमीन विषुववृत्त ओलांडून आली, ही गोष्ट त्या काळ्या कणांनीं जपून ठेविली.

या वर्षींच्या सुटींत आपल्या गांवच्या काळ्या खडकांवर, विहिरीच्या कठड्यांवर, जुन्या वाड्यांच्या जोत्यांवर होकायंत्र ठेवून पाहावें, अशी आमची सूचना आहे. प्रथम मोकळ्या मातीवर, विजेच्या तारा, पंप, पत्र्याचें छप्पर व मोटारसायकल यांपासून दूर राहून, सुई कोठें राहते तें पाहावें. मग दगडावर, दर वितीस एकदां, वाचन घ्यावें. सुई हलली असतां त्याच जागीं होकायंत्र कमरेइतकें व छातीइतकें उंच धरून पुन्हां पाहावें; उंचावर ती मातीवरच्या दिशेस परत आली तर दोष होकायंत्राचा नव्हे, दगडाचा आहे असें समजावें. जागा, तारीख, वेळ व प्रत्येक कोन वहींत लिहावा, विचित्र वाटला तरी खोडूं नये. शंका आली तर ती पेन्सिलीनें तळाशीं न लिहितां वर शाईनें लिहावी. दगडाचा तुकडा फोडून मात्र आणूं नये. एकदां जागेवरून हलला कीं त्याचें तोंड पूर्वीं कोणत्या दिशेस होतें हें तो तुकडा सांगूं शकत नाहीं.